गरिबी रंगवताना चित्र केविलवाणं होतंय : रंग, उजेड, रचना यांबद्दल मदत हवी

रंगखडू :

तैलरंगात एक चित्र चालू आहे. कॅनव्हास २४ × ३६ इंच, आडवा. बांधकामाच्या साइटवरची पत्र्याची खोली, रात्रीची वेळ, चौघं जमिनीवर बसून जेवताहेत, वर एकच बल्ब लोंबतोय. रेखाटन मोबाइलवरच्या फोटोंवरून केलं आहे, पहिला थर वाळला आहे.

चेहरे चॉकलेटी दिसताहेत. सावल्या रॉ अंबर आणि आयव्हरी ब्लॅकनं भरल्या. ओल्या असताना खोल वाटत होत्या, वाळल्यावर राखाडी आणि निर्जीव झाल्या. कपड्यांना ठिगळं, भोकं दाखवली की नाटकातल्या भिकाऱ्याचा वेश वाटतो. आणि मुख्य म्हणजे बघणारा लगेच "अरेरे" म्हणतो. तेच नको आहे. ही माणसं दिवसभर राबून आली आहेत, कुणापुढे हात पसरत नाहीत.

व्हान गॉगचं 'बटाटे खाणारे' समोर ठेवलं आहे. त्यात नेमकं काय केलंय ते रंग आणि टोनच्या (उजळ-गडदपणाच्या) भाषेत कुणी सांगेल का? इतर चित्रकारांची उदाहरणंही चालतील, पण कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर उपयोगी पडेल असं सांगा.

गेरू_काव :

'बटाटे खाणारे' निवडलंत ते योग्यच, तुमच्या चित्राचा सांगाडा जवळजवळ तोच आहे. १८८५ चं, न्यूनेन गावातलं, ८२ × ११४ सें.मी.चं. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यानं शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे डझनावारी अभ्यास केले होते, आणि या चित्राबद्दल भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात रंगांचा हिशेब दिला आहे.

आधी त्वचा. यलो ऑकर, रेड ऑकर आणि पांढरा यांच्या मिश्रणानं त्यानं चेहरे रंगवले होते. ते फार उजळ निघाले, त्या खोलीतले वाटेनात. मग सगळे चेहरे पुन्हा रंगवले, आणि रंग धरला तो धुळीनं माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा. नीट बघा, तो रंग तपकिरी नाही, मातकट हिरवट आहे. तुमचे चेहरे चॉकलेटी होताहेत म्हणजे मूळ रंग बर्न्ट सिएना किंवा बर्न्ट अंबर असणार. दोन्ही तांबूस. त्यात टायटॅनियम व्हाइट पडला की रंग एकदम थंड आणि खडूसारखा होतो.

त्याऐवजी हे करून पाहा : यलो ऑकर ४ भाग, रेड ऑकर १ भाग, अल्ट्रामरीन १ भाग. एक हिरवटाकडे झुकणारा करडा मिळेल. अल्ट्रामरीनऐवजी प्रशियन ब्लू घेणार असाल तर पाव भागही पुष्कळ होतो, तो सगळं गिळतो. हा झाला मधला टोन. गडद करायला त्यातच बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन वाढवा, उजळ करायला पांढऱ्याऐवजी नेपल्स यलो. सावळ्या त्वचेवर एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते : त्वचेचा खरा रंग मधल्या टोनमध्ये असतो, चमक मात्र दिव्याचा रंग घेते. म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथे चमक लहान आणि नेमक्या कडेची ठेवा. ती पसरवली की चेहरा तेलकट दिसतो.

आता पांढरा. हे त्या पत्रातलं सोनं आहे. चित्रात जे कापड पांढरं दिसतं त्यात पांढरा रंग जवळजवळ नाहीच. व्हर्मिलियन, पॅरिस ब्लू (प्रशियन ब्लूचाच प्रकार) आणि नेपल्स यलो मिसळून केलेला तो चांगलाच गडद करडा आहे. आजूबाजूचं सगळं त्याहून काळं, म्हणून तो पांढरा भासतो. तुमच्या चित्रात कुणाच्या अंगात बनियन असेल, स्टीलचं ताट असेल, भात असेल; तिथे तुम्ही ट्यूबमधला पांढरा लावला असेल तर बाकीचे टोन कितीही जुळवा, ती खोली अंधारी वाटणार नाही.

१ म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा अशी पट्टी करून ठेवा. भिंती १ ते २, कपडे २ ते ४, चेहरे ३ ते ६, भात आणि बनियन फार तर ७, बल्बची काच ९. बल्बखेरीज कशालाही ८ च्या वर जाऊ देऊ नका.

आणि उजेड कसा विरतो तेही मोजा. एकाच लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. बल्ब डोक्यापासून दोन फुटांवर असेल तर चार फुटांवरच्या गुडघ्यांवर चौथाईच उजेड पोचणार. चौघांना सारखा उजेड वाटलात तर तो स्टुडिओ होतो. फोटोत हे कळत नाही, कारण मोबाइल रात्रीच्या फोटोत सावल्या स्वतःहून उजळवतो.

जवसाचं_तेल :

सावल्या राखाडी होण्याचं कारण रंगाच्या निवडीपेक्षा थरात आहे. तो भाग 'बसला' आहे, म्हणजे वरच्या थरातलं तेल खालच्या थरानं शोषून घेतलं. रॉ अंबरला मुळात तेल जास्त लागतं, तो लवकर वाळतो आणि वाळल्यावर मॅट होतो. खाली ॲक्रिलिक गेसोचे (कॅनव्हासवर आधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) थर शोषक असतील आणि रंग टर्पेंटाइननं पातळ केला असेल तर हे होणारच. मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखरतो, म्हणून काळंही राखाडी दिसतं.

उपाय सोपा आहे. थर हाताला पूर्ण कोरडा लागला पाहिजे. जवसाचं तेल १ भाग आणि टर्पेंटाइन २ भाग मिसळा, धागे न सुटणाऱ्या सुती कापडानं फक्त बसलेल्या भागावर अगदी पातळ चोळा, दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या कापडानं जादा तेल सगळं पुसून घ्या. चकाकी राहिली म्हणजे जास्त झालं. ते तेल पुढे पिवळं पडतं. मूळची खोली परत आली की मगच पुढचे टोन ठरवा. बसलेल्या सावलीवरून टोन जुळवणारे लोक उजळ भागही उगाच उजळवत नेतात आणि सगळं चित्र फिकं पडतं. वापरलेली तेलकट कापडं चुरगाळून टोपलीत टाकू नका, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं.

पुढच्या थरात काळा बंद करा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान घेतले की खोल काळसर रंग मिळतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. आयव्हरी ब्लॅक हळू वाळतो. तो जाड लावून वर लवकर वाळणारा अंबर दिला तर भेगा पडतात. सावली पातळ, उजेड जाड, हा जुना नियम इथे अक्षरशः पाळा.

सरवा :

"अरेरे" का येतं त्याबद्दल लिहितो. ते बहुतेक वेळा रंगातून येत नाही, बघणाऱ्याचा डोळा किती उंचीवर ठेवलाय त्यातून येतं.

फोटो उभं राहून काढले असणार. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, मांडी घालून बसलेल्याचा अडीच फुटांवर. क्षितिजरेषा (चित्रातली बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीची रेषा) पाच फुटांवर गेली की चौघांचे टाळू दिसतात, ताटं मोठी गोल दिसतात, चेहरे खाली झुकलेले दिसतात. बघणारा दारात उभा असतो आणि ते खाली बसलेले. कीव तिथेच पक्की झाली, मग चेहऱ्यावर काहीही भाव काढा. क्षितिजरेषा बसलेल्यांच्या डोळ्यांवर आणा. ताटं बारीक लंबगोल होतील, जवळच्या माणसाचा खांदा लांबच्याला थोडा झाकेल, पत्र्याचं छत डोक्यावर येईल. बघणारा पाचवा जेवणारा होतो. यासाठी रेखाटन पुन्हा करावं लागेल. पहिलाच थर झालाय, अजून वेळ गेलेली नाही.

क्षितिजाचा उलटा वापरही शिकण्यासारखा आहे. फ्रेंच चित्रकार मिलेचं 'सरवा वेचणाऱ्या' (१८५७, आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात) बघा. कापणी झाल्यावर शेतात सांडलेली कणसं वेचण्याची मुभा गावातल्या सगळ्यात गरीब बायकामुलांना असायची. मिलेनं क्षितिज वर चढवलं आणि तिघींचे देह जवळजवळ पूर्ण जमिनीतच ठेवले. आकाश त्यांच्या वाट्याला येत नाही. मागे लांबवर सोनेरी उजेडात गंजी, भरलेली गाडी, कापणी करणारे, आणि उजवीकडे घोड्यावरचा देखरेख्या. भरघोस पीक सगळं लांब, उजळ आणि इवलंसं. पुढे तिघी मोठ्या, गडद, आणि हातात मूठभर काड्या. गरिबी तिथे दोन आकारांमधल्या अंतरातून दिसते. तिघींच्या अंगावर चिंध्या नाहीत. देह भक्कम आहेत, कडा स्पष्ट आहेत. एक वाकलेली, एक वेचतेय, एक अर्धवट उभी; एकाच कामाच्या तीन पायऱ्या. त्या वर्षीच्या सलाँमध्ये (पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात) यावर टीका झाली ती याच भारदस्तपणामुळे : एवढा मान देवादिकांच्या चित्रांना असतो, वेचणाऱ्या बायकांना कसा?

कूर्बे या दुसऱ्या फ्रेंच चित्रकारानं हेच मापाच्या जोरावर केलं. 'दगडफोडे' (१८४९) साधारण अडीच मीटर रुंद होतं, म्हणजे माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. एवढा कॅनव्हास तेव्हा इतिहास आणि धर्माच्या विषयांसाठी राखलेला असायचा. दोघांचेही चेहरे दिसत नाहीत : म्हाताऱ्याचा टोपीच्या सावलीत, पोराचा पाठमोरा. मागे डोंगराची बाजू भिंतीसारखी, आकाशाचा तुकडा फक्त कोपऱ्यात. कीव वाटायला चेहरा लागतो. तो काढून घेतला की डोळा हातोड्यावर, गुडघ्यावर, फाटक्या मोज्यातून दिसणाऱ्या टाचेवर जातो. मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये, ड्रेस्डेनजवळ नष्ट झालं. आता फोटोंवरूनच अभ्यास करावा लागतो.

'बटाटे खाणारे'मध्येही कुणी आपल्याकडे बघत नाही, हे लक्षात आलं का? मधली मुलगी तर पाठमोरी आहे आणि तिच्यासमोरच्या वाफेमुळे तिची गडद आकृती उठून दिसते. तुमच्या चौघांपैकी एखादा जरी बघणाऱ्याकडे पाहत असेल तर त्याची नजर ताटाकडे वळवा. एकाला पाठमोरं बसवा.

टाका_दोरा :

कपड्यांबद्दल. ठिगळ खोटं दिसतं कारण ते सजावटीसारखं कुठेही लावलं जातं. कापड ताण पडेल तिथेच फाटतं आणि घासलं जाईल तिथेच विरतं : कोपर, गुडघा, काखेची शिवण, खिशाचा कोपरा, पायजम्याची खालची कड. डोक्याखांद्यावर घमेली वाहणाऱ्याचा शर्ट खांद्यावर आधी विरतो. पाठीचा वरचा भाग उन्हानं उडालेला असतो, पण कॉलरच्या आतली बाजू आणि शिवणीच्या घड्या मूळ रंगाच्या राहतात. ठिगळ आजूबाजूच्या कापडापेक्षा नवं असतं, म्हणून बहुतेकदा ते जास्त गडद असतं आणि त्याच्या धाग्यांची दिशा वेगळी. लोक ठिगळ फिकं रंगवतात, तिथेच फसतं.

घड्याही पाहा. नव्या कापडाच्या घड्या कमी आणि टोकदार, शेकडो वेळा धुतलेल्या सुताच्या घड्या पुष्कळ, उथळ आणि मऊ कडेच्या. चार माणसांत भोक एकच दाखवा, ते अंधाराच्या बाजूला. बाकी सगळं कापडाच्या मऊपणातून सांगता येतं. ओला रंग असताना कोरड्या मऊ कुंचल्यानं घडीची कड एकदाच हलकेच फिरवली की पुरे.

स्पॅनिश चित्रकार मुरिल्योचा 'भिकारी मुलगा' (सतराव्या शतकाच्या मध्याचा, लूव्रमध्ये) या बाबतीत उत्तम आहे. फाटका सदरा आहेच, पण पोरगा उवा मारण्यात गुंग आहे आणि सगळ्यात जास्त बोलतो तो आपल्याकडे आलेला मळका तळपाय. मातीनं घट्ट झालेली पायाची कातडी एवढ्या उजेडात कुणी सहसा रंगवत नसे.

शाईची_दौत :

वरचं सगळं तैलरंगाचं झालं. माझा आग्रह असा की पुन्हा रेखाटन करणार असाल तर ते आधी शाईत करा, आणि समोर ठेवा झैनुल आबेदिन आणि चित्तप्रसाद या बंगालच्या दोन चित्रकारांची कामं.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यावरची माणसं काळ्या शाईनं, कुंचल्यानं, स्वस्त पॅकिंगच्या कागदावर काढली. पार्श्वभूमी नाही, जमीन नाही, रस्ता नाही. कोरा कागद आणि त्यावर माणूस, कधी शेजारी कावळा. त्या कोरेपणातच कळतं की या माणसांना कुठेही जागा उरलेली नाही. कुंचल्यात शाई कमी ठेवली की रेघ मध्येच तुटते आणि कागदाचा खरखरीतपणा वर येतो; बरगड्या, गुडघे त्या तुटक रेघेत येतात. यासाठी कुंचला शाईत बुडवून जुन्या कागदावर दोन-तीनदा पुसा आणि मग आडवा धरून ओढा. गुळगुळीत कार्ट्रिज कागदावर हे नीट साधत नाही.

चित्तप्रसाद त्याच काळात मेदिनीपूर भागात फिरले. त्यांच्या रेखाटनांवर बऱ्याचदा माणसाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. 'एक भुकेला माणूस' न राहता तो अमुक गावचा अमुक होतो. त्यांची 'हंग्री बेंगाल' ही पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून नष्ट केली. पुढे ते मुंबईत अंधेरीला राहिले आणि लिनोकटकडे (लिनोलियम कोरून घेतलेल्या छापांकडे) वळले. तिथली काळी-पांढरी विभागणी तुमच्या बल्बच्या दृश्याला थेट उपयोगी आहे : मधले टोन काढून टाका आणि फक्त काळा-पांढरा ठेवून चित्र वाचता येतं का ते बघा. पोस्टकार्डाएवढी पाच-सहा करा. जे वाचता येतं तेच कॅनव्हासवर न्या.

जर्मन चित्रकर्ती केटे कोल्विट्झची 'विणकरांचा उठाव' मालिका (१८९३–९७) याच कारणासाठी बघावी. तिचं पहिलं चित्र, दारिद्र्याचं, लहानसं शिळाछाप (लिथोग्राफ) आहे. खोली काळोखी, मागे माग, आई डोकं हातात धरून बसलेली, आणि सगळ्यात उजळ जागा म्हणजे आजारी मुलाचं अंथरूण. उजेड कुठे द्यायचा हा निर्णय तिनं दिव्यावर सोडला नाही.

निळी_खिडकी :

पिकासोच्या निळ्या काळाचं (१९०१–०४) नाव अजून कसं आलं नाही? 'म्हातारा गिटारवादक' (१९०३–०४, शिकागो) मध्ये गरिबी फक्त रंगानं आणि चौकटीनं दाखवली आहे. सगळं निळं, एकटी गिटार तपकिरी. लांबवलेले हातपाय एल ग्रेको या जुन्या चित्रकाराच्या वळणाचे, मान अशक्य कोनात, आणि देह चौकटीत असा कोंबलेला की तो ताठ बसला तर डोकं कॅनव्हासबाहेर जाईल. माणसाला हलायला जागा न देणं ही युक्ती पत्र्याच्या खोलीला चपखल बसेल.

सरवा :

चौकटीचं पटलं, रंगाचं नाही. सगळं निळं केलं की ती माणसाची परिस्थिती न राहता चित्रकाराची मनःस्थिती होते. त्या गिटारवाल्याला गाव नाही, काळ नाही, मालक नाही. रंगखडू यांच्या चौघांना साइट आहे, उद्याची हजेरी आहे. त्यापेक्षा ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांची कामगारांची चित्रं बघा : देहांना वजन आहे, मागे ओळखू येणारं शहर आहे, आणि कुणी दीनवाणा नाही.

रंगखडू :

फार उपयोगी. क्षितिजरेषा खाली आणतोय, बसलेल्या उंचीवरून पुन्हा रेखाटन करतो. दोन शंका. बल्ब पिवळा नाही, पांढरा एलईडी आहे. मग नेपल्स यलोचं काय करायचं? आणि हात कसे रंगवू? चौघांचेही हात ताटात आहेत आणि सगळे सारखेच येताहेत.

गेरू_काव :

एलईडी असेल तर उलट सोपं. साधारण ६५०० केल्विनचा पांढरा दिवा म्हणजे उजेड थंड, त्यामुळे सावल्या तुलनेनं उबदार ठेवा. चमकेत नेपल्स यलोऐवजी पांढऱ्यात टोकभर अल्ट्रामरीन. मधला टोन तोच राहू दे. सावलीत बर्न्ट सिएना थोडा जास्त. नालीदार पत्र्यावर उजेड उभ्या पट्ट्यांत पडतो, नळीच्या एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला १, म्हणजे मागची भिंत आपोआप जिवंत होते. स्टीलचं ताट वरचा उजेड परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खाली एक मंद थंड उजेड येतो. तो ४ च्या वर नको, पण तो नसेल तर माणसं ताटासमोर बसलेली वाटत नाहीत.

हातांबद्दल व्हान गॉगचं म्हणणं स्पष्ट होतं : ताटात जाणारे हे हात तेच, ज्यांनी जमीन खणली. त्याचा चित्रकार मित्र व्हान राप्पार्ड यानं या चित्राच्या शिळाछापावर शरीररचना चुकल्याची कडक टीका केली आणि दोघांचं बिनसलं. पण ते सांधे मोठे आहेत म्हणूनच चित्र उभं आहे. साधारणपणे हाताची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत असते. तुम्ही ती दहावा हिस्सा वाढवा आणि वाढ बोटांच्या सांध्यांना द्या, बोटांच्या लांबीला नको. चारही हात एकाच क्षणी नकोत. एक घास कालवतोय, एकाचा तोंडाशी, एक पाण्याच्या तांब्यावर, एक मांडीवर नुसता पडलेला. सिमेंटमध्ये काम करणाऱ्याची कातडी कोरडी पडते आणि भेगांत राखाडी भुकटी राहते. धुतलेल्या उजव्या हातावर ती कमी, डाव्या हातावर जास्त. मधला टोन पूर्ण वाळू द्या, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्यावर फिका करडा घेऊन सांध्यांवरून एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलात तर हातमोजा दिसेल.